मान आपोआप एका बाजूला वळते, दुखते आणि कशानेच उतरत नाही, तेव्हा काय करायचं

घणसोलीहून एका गृहस्थांनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या मिसेस ४६ वर्षांच्या, शाळेत शिकवतात. आठ-नऊ महिने झाले, मान आपोआप उजवीकडे वळते, डावीकडे बघायला त्रास होतो, मागे उजव्या बाजूला सारखा ठणका असतो आणि शाळा सुटेपर्यंत तो नको नको होतो. एमआरआयमध्ये थोडा डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी जराशी बाहेर आलेली, असं आलंय. मानेचा पट्टा झाला, ट्रॅक्शन म्हणजे मशीनने मान ताणणं झालं, मशीनचा शेक, मसाज, गोळ्या सगळं करून झालं. आता एक डॉक्टर म्हणतात हे मानसिक आहे, टेन्शन कमी करा, आणि दुसऱ्यांनी बोटॉक्स सांगितलंय. बोटॉक्स म्हणजे विष असं कुणीतरी त्यांना सांगितल्यामुळे घरातले सगळे घाबरलेत.

मी ठाण्यात फिजिओथेरपी करते, न्यूरोचे पेशंट जास्त बघते, त्यामुळे अशा माना माझ्यासमोर नेहमी येतात. पेशंटला न बघता मी निदान करणार नाही, ते न्यूरॉलॉजिस्टच करतील. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून सर्व्हायकल डिस्टोनियाचा, म्हणजे मानेचे स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या आजाराचा, विचार पहिल्यांदा व्हायला हवा, आणि आठ-नऊ महिन्यांत तुमच्यासमोर ते नाव कुणी काढलेलं दिसत नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे असंच होतं, हाडांचे डॉक्टर, मग फिजिओ, मग दुसरे हाडांचे डॉक्टर, मग आयुर्वेद, मग कुणीतरी चोळून देणारा, असं करत करत लोकांची काही वेळा वर्षंच्या वर्षं जातात.

आधी साधी मान आखडणं म्हणजे काय ते बघा, म्हणजे फरक कळेल. रात्री वेडीवाकडी झोप झाली, एसीचा झोत मानेवर आला, दिवसभर ऐरोलीच्या ऑफिसात लॅपटॉपवर मान घालून बसलं, की सकाळी उठल्यावर मान धरते. एका बाजूला वळतच नाही, वळवली तर कळ येते. यात मानेतल्या छोट्या सांध्यांना किंवा आजूबाजूच्या स्नायूंना त्रास झालेला असतो आणि शरीर ती बाजू हलू नये म्हणून स्नायू आवळून धरतं. दोन-तीन दिवसांत मोकळं व्हायला लागतं, बहुतेकांचं आठवड्याभरात बरं होतं. त्याला गरम शेक, साधी वेदनाशामक गोळी, आणि दुखणार नाही एवढीच हळूहळू हालचाल, एवढं पुरतं. पट्टा लावून मान आठ-आठ दिवस बांधून ठेवू नका, त्याने उलट आखडलेपण लांबतं. आणि हात जोडून सांगते, सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका. कटकन आवाज येतो, हलकं वाटतं हे खरं, पण मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात, झटक्याने त्यांच्या आतल्या थराला चीर पडून पॅरालिसिसचा झटका आलेले पेशंट जगभर नोंदले गेलेत.

आता तुमच्या मिसेसचं. इथे मान अडकलेली नाहीये, ती ओढली जातेय. त्यांनी न ठरवता, त्यांच्या मनाविरुद्ध. आपल्या मेंदूत खोल आत बेसल गँग्लिया नावाचा भाग आहे, कुठला स्नायू कधी आवळायचा आणि त्याच वेळी कुठला सैल सोडायचा हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. डिस्टोनियात तो हिशोब बिघडतो, चुकीच्या स्नायूंना सतत आवळ-आवळ असा निरोप जात राहतो. म्हणजे दुखतं मानेत पण मूळ गडबड मेंदूकडून येणाऱ्या निरोपात आहे. म्हणून मेंदूचा साधा एमआरआयही बहुतेक वेळा नॉर्मल येतो, रक्तात काही सापडत नाही, आणि पेशंटला वाटतं की माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. हे निदान रिपोर्टवरून होतच नाही, बघून आणि हात लावून होतं.

मी काय बघते ते सांगते, तुम्ही घरीही बघू शकता. पाठ न टेकता स्टुलावर बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं आणि म्हणायचं, मान सरळ ठेवायचा अजिबात प्रयत्न करू नका, जिकडे जातेय तिकडे जाऊ दे. एरवी पेशंट दिवसभर त्या ओढीशी लढत असतो त्यामुळे खरी दिशा दिसत नाही, पण असं सोडून दिलं की अर्ध्या-एक मिनिटात मान आपल्या आपण हळूहळू उजवीकडे फिरते, कधी थरथरत फिरते. त्या वेळी गळ्याच्या डाव्या बाजूला बघा, कानामागून छातीच्या हाडाकडे तिरपा येणारा स्नायू कातडीखाली फुगून उभा राहिलेला दिसतो, बोटाने दाबला तर कडक लागतो. लोकांना नवल वाटतं की मान उजवीकडे आणि कडक स्नायू डावीकडे कसा, पण तो स्नायू तोंड विरुद्ध बाजूलाच फिरवतो. त्याच्या जोडीला मागून उजव्या बाजूचा स्प्लेनियस नावाचा स्नायू काम करतो, आणि तुमच्या मिसेसना ठणका नेमका मागे उजवीकडेच आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच जणांचा एक खांदाही वर उचललेला असतो.

आणि दुसरी खूण याहून बोलकी आहे. हनुवटीला किंवा गालाला नुसतं एक बोट लावलं, जोर न लावता, तरी मान बरीचशी सरळ येते. काहींना डोक्यामागे हात ठेवल्यावर, काहींना भिंतीला डोकं टेकल्यावर असं होतं. बोटाच्या ताकदीने मान सरळ होत नाही, त्या स्पर्शाची जाणीव मेंदूत पोचून निरोप थोडा वेळ सुधारतो. साध्या आखडलेल्या मानेत असं होत नाही. त्यांना विचारा की वर्गात शिकवताना नकळत गालाला हात लावून उभं राहायची सवय लागलीय का, लोकलमध्ये पार्टिशनला डोकं टेकलं की बरं वाटतं का. सकाळी उठल्यावर त्रास कमी, आडवं पडल्यावर कमी, झोपेत जवळजवळ नाही, आणि चालताना, लिहिताना, चार लोकांसमोर उभं राहिल्यावर जास्त, असं असेल तर डिस्टोनियाचा संशय आणखी पक्का होतो.

प्रत्येकाची मान बाजूलाच वळते असं नाही. कुणाचा कान खांद्याकडे झुकतो, कुणाची पुढे छातीकडे पडते, कुणाची मागे ओढली जाते, आणि खूप जणांत हे मिसळून असतं. काहींचं डोकं सारखं नाही-नाही म्हटल्यासारखं हलतं. साधारण चाळिशी ते साठीच्या मधे सुरू होतं, बायकांमध्ये जास्त. पहिली काही वर्षं वाढतं आणि मग बहुतेकांत एका पातळीवर थांबतं. थोड्या लोकांत आपोआप कमीही होतं पण बरेचदा परत येतं, त्यामुळे त्या आशेवर उपचार लांबवू नका.

डिस्क बल्जबद्दल. पंचेचाळिशीच्या माणसाचा मानेचा एमआरआय काढला तर ज्यांना काहीही त्रास नाही अशांच्याही रिपोर्टमध्ये बल्ज दिसतो. बल्जने मान अशी फिरत नाही. नस दाबली गेली तर हातात मुंग्या, बधिरपणा, पकड कमी होणं, अशा गोष्टी दिसतात, आणि तुम्ही त्यातलं काहीच लिहिलेलं नाही. म्हणून ट्रॅक्शन आता बंद करा. डिस्टोनियात जोरात ताणणं म्हणजे रस्सीखेच असते, तुम्ही इकडून ओढलं की तो स्नायू तिकडून दुप्पट ओढतो आणि रात्री पेशंट रडतो. हे मी फिजिओ असूनच लिहितेय, कारण आमच्याकडेच अशा पेशंटना दोन-दोन महिने तेच तेच दिलं जातं.

मानसिक म्हणणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग येतो. जुन्या काळी जगभर हेच समजायचे, खूप पेशंटना मनोविश्लेषणाला पाठवायचे. १९११ साली जर्मनीत ओपेनहाइम यांनी डिस्टोनिया हा शब्द वापरला तेव्हाही त्यांनी तो मज्जासंस्थेचाच आजार मानला होता, पण तरी हे मानसिक खूळ टिकून राहिलं, आणि १९७०च्या दशकात लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांच्यासारख्या न्यूरॉलॉजिस्टनी ठामपणे मांडल्यावर कुठे मागे पडलं. टेन्शनने डिस्टोनिया वाढतो हे खरंय, पण टेन्शनने तो होतो असं नाही. आणि उलट दिशेने मात्र नक्की होतं. सतत दुखणं, लोकांच्या नजरा, बाई मान का अशी करताय हे विचारणं, यातून नैराश्य येतं, झोप जाते. त्याचा वेगळा उपचार करावा लागतो आणि तो केलाच पाहिजे, मानेतही त्याचा फरक पडतो. घरच्यांनी एक करा, मान सरळ कर हे वाक्य बोलू नका. तिला करता आली असती तर तिने कधीच केली असती.

न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप एका पिशवीत घाला, हे फार गरजेचं आहे. काही औषधांनी अशी मान वाकडी होते. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर-मळमळीवर सर्रास दिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारावरचं हॅलोपेरिडॉल. यांनी काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अचानक मान, जबडा, डोळे वाकडे होऊ शकतात, विशेषतः तरुण मुलामुलींत, घरचे घाबरून जातात, पण कॅज्युअल्टीत योग्य इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा तासाभरात उतरतं. दुसरा प्रकार हळूहळू येणारा. अॅसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं, लोक ती केमिस्टकडून आपली आपण आणून महिनोन्महिने घेतात, आणि त्याने हालचालींचे आजार होऊ शकतात. स्ट्रिपच्या मागे नाव बघा. मात्र मानसोपचाराच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांच्याशी बोलूनच. आणि पेशंट चाळिशीच्या आतला असेल तर विल्सन म्हणून तांब्याचा आजार असतो त्याची तपासणी डॉक्टर करतात, कारण त्याला वेगळा आणि चांगला उपचार आहे.

आता बोटॉक्स. हो, ते बोट्युलिनम नावाच्या जंतूच्या विषापासून बनतं, हे खरंच आहे आणि लपवण्यासारखं काही नाही. पण ते अतिशय सूक्ष्म मात्रेत, ठरवलेल्या स्नायूतच देतात. नसेच्या टोकातून स्नायूला निरोप देणारं अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन बाहेर पडतं, ते हे औषध अडवतं, म्हणून मेंदूने कितीही आवळ म्हटलं तरी तो स्नायू तेवढा आवळत नाही. सुरकुत्यांसाठी ते नंतर वापरायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी आणलं, अमेरिकेत १९८९ मध्ये डोळ्यांच्या आजारांसाठी मान्यता मिळाली आणि २००० मध्ये याच मानेच्या डिस्टोनियासाठी. आज या आजारात पहिला उपचार हाच मानला जातो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी चुकीचं काही सांगितलेलं नाही.

काय अपेक्षा ठेवायची ते नीट समजून घ्या, कारण निराशा इथेच होते. इंजेक्शन दिल्या दिवशी काही कळत नाही. चार-पाच दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी सैल वाटायला लागतं, महिन्याभराने सगळ्यात चांगलं असतं, आणि साधारण तीन महिन्यांनी उतरत जातं. मग परत घ्यावं लागतं. मधेच १२ आठवड्यांच्या आत परत परत घेतलं तर शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवण्याची शक्यता वाढते आणि मग औषध लागू पडेनासं होतं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात तेव्हा थांबा. पहिल्या वेळी फरक थोडाच पडला म्हणून हे काही कामाचं नाही असं ठरवू नका. कुठल्या स्नायूत किती द्यायचं हे त्या त्या माणसावर बसवावं लागतं, दोन-तीन वेळांनंतर कुठे हिशोब जमतो. खोलवरच्या स्नायूंसाठी सोनोग्राफी किंवा ईएमजी (स्नायूतले विजेचे सिग्नल दाखवणारं मशीन) लावून सुई घालतात, तशी सोय असलेल्या आणि डिस्टोनियाचं काम नेहमी करणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडेच जा, ब्युटी क्लिनिकमध्ये नको. खूप जणांचं दुखणं मान सरळ होण्याच्या आधीच कमी होतं, आणि बाईला रात्री झोप लागली हाच मोठा फायदा असतो.

त्रास काय होऊ शकतो तर मान काही दिवस लुळी वाटणं, तोंड कोरडं पडणं, आणि मुख्य म्हणजे गिळायला त्रास, कारण गळ्याच्या पुढच्या स्नायूतलं औषध आजूबाजूला थोडं पसरतं. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत जातो. तोपर्यंत मऊ भात, पेज, छोटे घास, पाणी घाईने नाही. पण घास अडकायला लागला, ठसका लागून श्वास घ्यायला जड झालं तर वाट न बघता हॉस्पिटल. मायस्थेनिया म्हणजे स्नायू लवकर थकून कमजोर पडण्याचा आजार असेल, गरोदरपण असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, किंवा अमिकॅसिन-जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगा.

खर्च आहे आणि तो दर तीन-चार महिन्यांनी आहे, हे आधीच धरून चला. बोटॉक्सचे साधारण १०० ते ३०० युनिट लागतात, डिस्पोर्ट हा दुसरा ब्रँड असेल तर सुरुवातीला ५००च्या आसपास, म्हणून दोन ब्रँडचे युनिट एकमेकांशी जोडून स्वस्त-महाग ठरवू नका, त्यांचं मोजमाप वेगळं आहे. बाहेरून आणायला सांगितलं तर केमिस्टकडून बर्फाच्या पॅकमध्येच घ्या, २ ते ८ डिग्रीत ठेवायचं औषध आहे, मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गाडीत पडून राहिलं तर वाया जाईल. बाहेर परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर, जेजे इथे न्यूरॉलॉजी विभाग आहेत, ओपीडीला गर्दी असते पण निदान नीट होतं. घणसोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे आणि तिथून स्लो लोकलने सायन किंवा परळ, सकाळी लवकर निघा. तिथल्या मेडिकल सोशल वर्करला इंजेक्शनसाठी मदत मिळेल का हे विचारायला लाजू नका, ते त्याचसाठी बसलेले असतात.

गोळ्यांचा उपयोग यात मर्यादित आहे. ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोनाझेपॅम, बॅक्लोफेन देतात, काहींना बरं वाटतं, पण ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडं, विसरायला होणं, म्हाताऱ्या माणसांना लघवी अडकणं असे प्रकार होतात. आणि बोटॉक्सने भागलंच नाही तर मेंदूत खोल वायर बसवून करंट देतात, डीबीएस म्हणतात त्याला. मोठं ऑपरेशन आहे, फायदा सावकाश महिन्यांनी दिसतो, पण निवडक लोकांत छान दिसतो. तुमच्यासाठी तो विषय आज नाही.

फिजिओथेरपी कधी करायची? इंजेक्शन लागू पडल्यावर, म्हणजे दोन आठवड्यांनंतर, तेव्हा खरा फायदा होतो. ओढणारा स्नायू सैल असतो आणि विरुद्ध बाजूचे, जे महिनोन्महिने हरत आलेत, त्यांना ताकद द्यायची हीच वेळ. आरशासमोर बसायचं, आधी फक्त डोळे डावीकडे न्यायचे, मग त्यांच्या मागोमाग मान, सावकाश, ओढ लागायच्या जरा आधी थांबायचं, मधे आणून सोडायचं. दिवसातून चार-पाच वेळा पण दर वेळी पाचच मिनिटं. डोक्याला बँडने छोटा लेझर बांधून भिंतीवरच्या खुणेवर तो ठिपका धरून ठेवायलाही मी देते, मान सरळ म्हणजे कुठे हे मेंदूला नव्याने शिकवावं लागतं. झटक्याने मान गोल फिरवणं, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन सध्या नको. शवासन आणि पोटाने श्वास घेणं चालेल, रोज करा.

काही वेळा मात्र हा सगळा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान वाकडी झाली, ताप आणि मान आखडणं एकत्र, अचानक कधी नव्हती अशी मानेची कळ आणि सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, हातापायात जोर नसणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा जाणं. लहान मुलाची मान घशाच्या इन्फेक्शननंतर वाकडी झाली तर मुळीच थांबू नका, वरचे दोन मणके सरकलेले असू शकतात, घशाच्या मागच्या बाजूला पू झालेला असू शकतो. आणि तान्ह्या बाळाची मान एका बाजूला कललेली असेल तर मालिशवालीकडून ताणून घेऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा गळ्याचा एक स्नायू आखूड असतो आणि पहिल्या काही महिन्यांतच व्यायाम सुरू केले तर बहुतेक बाळांना ऑपरेशन लागत नाही.

शाळेचं विचारलंत, नोकरी सोडावी का. नको. वर्गात फळ्याच्या ज्या बाजूला उभं राहिलं की मुलं त्यांच्या उजवीकडे येतील ती बाजू धरायची, स्टाफरूममध्ये डोकं टेकता येईल अशी उंच पाठीची खुर्ची मागायची, दोन तासांच्या मधे पाच मिनिटं भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं. हनुवटीला बोट लावून शिकवलं तरी काही बिघडत नाही, मुलांना एकदा सरळ सांगून टाका की बाईंना असा आजार आहे, मुलं समजून घेतात. मुख्याध्यापकांना न्यूरॉलॉजिस्टचं पत्र द्या. स्कूटर चालवत असतील तर ती मात्र आत्ता बंद करा, कारण त्यांना डावीकडचं वळून बघता येत नाहीये आणि ठाणे-बेलापूर रोडवर डावीकडूनही गाड्या घुसतात. इंजेक्शननंतर मान दोन्ही बाजूंना आरामात फिरायला लागली, डॉक्टरांनी बघून हो म्हटलं, की परत चालू करता येईल.